हल्ला ज्यूंवर, जाब कुणाला? एका जुन्या डेस्कवाल्याचं उत्तर

पत्रकारिता शिकणाऱ्या एका वाचकानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ज्यूंवर कुठं हल्ला झाला की वृत्तवाहिन्या आणि विश्लेषक पक्षपाती बोलतात, अशी तक्रार दरवेळी होते. ती खरी आहे, की इस्रायलवरची टीका दाबायचा तो एक मार्ग आहे? आणि मराठीत अशी बातमी लिहिताना काय सांभाळायचं?

मी परदेशी बातम्यांच्या डेस्कवर तीसेक वर्षं काढली. बहुतेक रात्रपाळ्या. त्यामुळे उत्तर सिद्धांतापेक्षा वाक्यांमधून देतो. पक्षपात अग्रलेखात सापडतो हा गैरसमज आहे. अग्रलेखात माणूस सावध असतो. खरी मेख मथळ्यात, फोटोओळीत आणि टीव्हीच्या पट्टीत असते, कारण तो मजकूर कुणीतरी अर्धवट झोपेत, पान सोडायला सात मिनिटं उरली असताना लिहितं. डोक्यात आधीपासून जे बसलेलं असतं, तेच त्या सात मिनिटांत बाहेर येतं.

पहिलं वाक्य मी नव्या मुलांना नेहमी फळ्यावर लिहून दाखवायचो. ३ ऑक्टोबर १९८०, शुक्रवारची संध्याकाळ. पॅरिसच्या कोपर्निक रस्त्यावरच्या सिनेगॉगबाहेर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबाहेर, बॉम्ब फुटला, चार जण गेले. त्याच दिवशी फ्रान्सचे पंतप्रधान रेमों बार टीव्हीवर निषेध करायला आले. ते म्हणाले ते साधारण असं: सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या ज्यूंना मारायला निघालेल्या या घृणास्पद हल्ल्यात रस्ता ओलांडणारे निष्पाप फ्रेंच लोक सापडले.

वाक्य पुन्हा वाचा. माणूस निषेधच करतोय. ‘घृणास्पद’ असा शब्दही वापरतोय. पण ‘निष्पाप’ आणि ‘फ्रेंच’ ही दोन विशेषणं कुणाला लागली? रस्त्यावरच्यांना. मग आत प्रार्थनेला बसलेले कोण होते? ते फ्रेंच नव्हते का? आणि निष्पाप नव्हते, तर त्यांचं पाप काय? बार यांना हे म्हणायचं नसेलही, पण वाक्यात ते आहे, आणि फ्रान्समधल्या ज्यूंना ते लगेच ऐकू आलं. पुढं गदारोळ झाला. मरणाच्या काही महिने आधी, २००७ मध्ये, रेडिओवरच्या मुलाखतीत बार यांना याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी या टीकेमागे ज्यूंचा दबावगट असल्याचं सांगितलं. म्हणजे सत्तावीस वर्षांनी खुलासा करायला गेले आणि खड्डा आणखी खोल केला.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका वाक्यात आहे. ज्यूंवर हल्ला झाला की ‘का’ हा प्रश्न मारणाऱ्याकडे न जाता मेलेल्याकडे जातो. तो तिकडे न्यायचा नसेल, तर दुसरी वाट घेतात: मेलेला ज्यू होता हेच वाक्यातून गळतं, आणि तो ‘योगायोगानं’ सापडलेला कुणीतरी होतो. या दोन वाटा एकमेकींच्या उलट दिसतात, पण एकाच बातमीत दोन्ही सापडतात, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

दुसऱ्या वाटेचा नमुना जानेवारी २०१५ चा. शार्ली एब्दो या व्यंगपत्रिकेवरच्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी, ९ तारखेला, पॅरिसमधल्या कोशर मालाच्या, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत बसणाऱ्या मालाच्या, सुपरमार्केटमध्ये एका हल्लेखोरानं चार ज्यूंना मारलं. शुक्रवार होता, लोक शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीदिवसाची, खरेदी करत होते. या दिवशी या दुकानात कोण असणार हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे गणपतीच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात कोण असतं? पुढच्या महिन्यात बराक ओबामा एका मुलाखतीत याबद्दल बोलताना म्हणून गेले की काही माथेफिरू पॅरिसमधल्या एका खाद्यपदार्थांच्या दुकानात दिसेल त्याला गोळ्या घालतात. ‘दिसेल त्याला’. व्हाइट हाऊसच्या प्रवक्त्यानं आधी त्या शब्दाचं समर्थन केलं, मग हल्ला ज्यूद्वेषातून झाला होता असं ट्विट करून सारवासारव केली.

पहिल्या वाटेचा नमुनाही त्याच आठवड्यातला. ११ जानेवारीला पॅरिसमध्ये लाखोंचा मोर्चा निघाला. बीबीसीचा वार्ताहर रस्त्यावर एका ज्यू बाईशी बोलत होता. आईवडील हिटलरच्या नरसंहारातून वाचलेले. ती सांगत होती की परिस्थिती पुन्हा १९३० च्या दशकाकडे चालली आहे. तिला मध्येच तोडून वार्ताहर म्हणाला की इस्रायलच्या धोरणांचे टीकाकार म्हणतील, पॅलेस्टिनी लोकही ज्यूंच्या हातून खूप सोसतात. त्यानं पुढे माफी मागितली, प्रश्नाची मांडणी चुकली म्हणाला. मी त्याला खलनायक मानत नाही. थेट प्रक्षेपणात तोंडातून काय निघेल याची खात्री मलाही नसते. पण जे निघालं ते पाहा. पॅरिसच्या रस्त्यावर उभी असलेली फ्रान्समधली बाई, दोन दिवसांपूर्वी तिच्या लोकांना किराणा दुकानात मारलं, आणि हिशेब तिच्याकडे मागितला कशाचा, तर पश्चिम आशियाचा. तेही ‘इस्रायली सैन्याच्या हातून’ असं नव्हे, ‘ज्यूंच्या हातून’.

(त्याच दुकानात माली देशातून आलेल्या एका मुस्लिम कर्मचाऱ्यानं, लसाना बाथिलीनं, गिऱ्हाइकांना तळघरातल्या शीतखोलीत लपवलं. त्याला फ्रान्सनं नागरिकत्व दिलं. ही गोष्ट सांगायचा आळस करू नका. ती नसली की दुसऱ्या बाजूचे टोळभैरव बातमी पळवतात.)

आता आकड्यांची चलाखी. १८ नोव्हेंबर २०१४, जेरुसलेममधला हार नोफ भाग, सकाळची प्रार्थना. दोन पॅलेस्टिनी हल्लेखोर सुरा, कुऱ्हाड आणि पिस्तूल घेऊन सिनेगॉगमध्ये शिरले. प्रार्थनेला आलेले चार जण ठार, आणि त्यांना वाचवायला गेलेला द्रूझ या अरबी बोलणाऱ्या पंथातला एक पोलीस त्याच रात्री दगावला. दोन्ही हल्लेखोर पोलिसांच्या गोळीनं मेले. सीएनएनची पट्टी म्हणत होती: ४ इस्रायली, २ पॅलेस्टिनी ठार. बेरीज बरोबर आहे. कुणी न्यायालयात गेलं तर पट्टीवाला सुटेल. पण चहाच्या टपरीवर पट्टी वाचणाऱ्याला काय कळलं? दोन गटांत काहीतरी झालं, इकडचे चार, तिकडचे दोन. आणखी एका पट्टीत हल्ला ‘मशिदीवर’ झाल्याचंही म्हटलं होतं. वाहिनीनं नंतर खेद व्यक्त केला.

मशिदीवरून आठवलं म्हणून सांगतो. ही दुसरी चूक आपल्याकडच्या एखाद्या उपसंपादकानं केली असती, तर त्याला निदान सबब होती. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, आपल्या सिनेगॉगला पिढ्यान्‌पिढ्या ‘मशीद’ म्हणत आले. मांडवी भागातलं १७९६ चं त्यांचं पहिलं सिनेगॉग आजही ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखलं जातं. सीएनएनच्या अटलांटातल्या कचेरीत बसलेल्या माणसाला ही सबब नाही.

तिसरा प्रकार अधिकाऱ्याच्या वाक्यामागे लपण्याचा. १५ जानेवारी २०२२, टेक्ससमधलं कॉलीव्हिल. एका ब्रिटिश माणसानं शनिवारच्या प्रार्थनेच्या वेळी सिनेगॉगमध्ये रब्बीसह (ज्यू धर्मगुरूसह) चार जणांना ओलीस धरलं. मागणी होती जवळच्या तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या आफिया सिद्दीकी या पाकिस्तानी बाईच्या सुटकेची. अकरा तासांनी रब्बीनं त्याच्या अंगावर खुर्ची फेकली आणि उरलेले ओलीस दाराकडे पळाले. रात्री एफबीआयचा अधिकारी पत्रकारांना म्हणाला की या माणसाचं लक्ष एकाच मुद्द्यावर होतं आणि त्या मुद्द्याचा ज्यू समाजाशी खास संबंध नव्हता. झालं. जगभरच्या मथळ्यांना तयार माल मिळाला. दुसऱ्या दिवशी एफबीआयनंच सांगितलं की लक्ष्य ज्यू समाज होता, पण दुसऱ्या दिवशीचं कोण वाचतं?

इथं डेस्कवाल्यानं स्वतःला एक साधा प्रश्न विचारायचा असतो. कैदी तुरुंगात, मग माणूस सिनेगॉगमध्ये का गेला? टपाल कचेरीत का नाही? त्याचं उत्तर त्यानंच दिलं होतं. त्यानं न्यूयॉर्कमधल्या एका बड्या सिनेगॉगच्या रब्बीला फोन लावायला लावला, कारण त्याच्या डोक्यात पक्कं होतं की अमेरिका ज्यू चालवतात, त्यांनी शब्द टाकला की तुरुंगाचं दार उघडेल. ज्यूद्वेष म्हणजे नुसती शिवीगाळ नव्हे. तो एक सिद्धांत आहे, जग कोण चालवतं याबद्दलचा. इतर बहुतेक द्वेषांत समोरच्याला हलकं समजतात. इथं समोरच्याला लपून बसलेला सर्वशक्तिमान समजतात. पॅरिसमध्ये २००६ साली इलान हलीमी नावाच्या पोराला टोळीनं उचललं, तीन आठवडे हाल करून मारलं, ते याच समजातून: ज्यू आहे म्हणजे घरी पैसा असणार. मोबाईलच्या दुकानात काम करणारा पोरगा होता तो. पोलिसांनी सुरुवातीला हा नुसता खंडणीचा मामला मानला. खंडणी होतीच. पण खंडणीसाठी हाच का, हे विचारायचं राहिलं.

आता आपल्या घरचं.

२६ नोव्हेंबर २००८ ला मी रात्रपाळीत होतो. पहिले काही तास आम्ही ‘नरिमन हाऊस’ आणि ‘नरिमन पॉइंट’ यांत गोंधळत होतो. कुलाबा बाजाराच्या मागच्या गल्लीतली पाच मजली इमारत, तिथं खबाद या ज्यू पंथाचं केंद्र आहे, हे आमच्या कुलाब्याच्या वार्ताहरालाही धड माहीत नव्हतं. म्हणजे पाहा: आम्हाला, मुंबईत जन्म काढलेल्यांना जी इमारत सापडत नव्हती, ती कराचीहून होडीनं आलेल्या दोघांना अंधारात सापडली. आणि त्याच दिवसांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीत वाक्य होतं की हे ज्यू केंद्र ठरवून निवडलं की योगायोगानं ओलीस प्रसंगात सापडलं, हे कळलेलं नाही. ‘कळलेलं नाही’ एवढं ठीक होतं. पहिल्या रात्री कुणालाच काही कळत नव्हतं. पण ताज, ट्रायडंट, सीएसटी या नावांपुढे कुणी ‘योगायोगानं’ लिहिलं नाही. शंका फक्त इथंच आली. पुढं लष्कर-ए-तोयबासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीनं ही इमारत आधीच पाहून गेल्याचं उघड झालं. भारत सरकारनं पाकिस्तानला दिलेल्या कागदपत्रांत फोनवरचं संभाषणही आहे: ओलीस मारले तर भारत आणि इस्रायलचे संबंध बिघडतील, असा तिकडून हिशेब. योगायोगाचा प्रश्नच नव्हता.

आणि आता माझी चूक, कारण दुसऱ्यांच्या चुका मोजत बसणं सोपं असतं. त्या रात्री मी मथळा दिला: ‘कुलाब्यात इस्रायली ओलीस’. मला वाटलं, अचूक आहे, शिवाय ‘ज्यू’ लिहिलं तर धार्मिक रंग चढेल. वृत्तसंपादकानं मान डोलावली, पान गेलं. मेलेले सहा जण कोण होते ते नंतर कळलं. रब्बी गॅव्ह्रिएल होल्ट्झबर्ग न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेले. मेक्सिकोहून आलेली एक बाई होती. आणि एक जण अशा कडव्या धार्मिक घराण्यातला अमेरिकी होता, जे इस्रायल हे राष्ट्रच मानत नाही. त्याच्या घरच्यांनी शवपेटीवर इस्रायलचा झेंडा घालायला हरकत घेतली होती. ज्या माणसानं आयुष्यभर तो झेंडा नाकारला, त्याला मी मथळ्यात त्या झेंड्यात गुंडाळून टाकलं. मारणाऱ्यांनी पासपोर्ट पाहून मारलं नव्हतं. मीच तो त्यांच्या हातात दिला.

तेव्हापासून माझा नियम एवढाच: निवड कशावरून झाली, ते मथळ्यात. इस्रायली दूतावासावर हल्ला झाला तर ‘इस्रायली’. सिनेगॉग, कोशर दुकान, ज्यू शाळा, हनुक्का या ज्यू सणाची मिरवणूक यांवर झाला तर ‘ज्यू’. धार्मिक रंग आपण चढवत नाही, तो मारणाऱ्यानं चढवलेला असतो. लपवायचं कुणाच्या सोयीसाठी?

हनुक्कावरून लंडनचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण अशा बातमीचं शवविच्छेदन इतकं पूर्ण क्वचितच मिळतं. २९ नोव्हेंबर २०२१, ऑक्सफर्ड स्ट्रीट. ज्यू किशोरवयीन मुलांची भाड्यानं घेतलेली बस, सणाची गाणी, मुलं खाली उतरून नाचत होती. काही तरुण जमले, मुलं बसमध्ये परतली, तर ते बसवर थुंकले, हातापायांनी आणि चपला-बुटांनी बस बडवली, नाझी सलामासारखे हावभाव केले. हे सगळं चित्रफितीत आहे. बीबीसीनं बातमी दिली आणि तिच्यात एक वाक्य घातलं: बसच्या आतून मुस्लिमांविषयी वांशिक शिव्या ऐकू येतात. पुढं अनेकवचनाचं एकवचन झालं. एक शिवी.

बसमधली मुलं म्हणाली, आम्ही असं काही बोललोच नाही. ध्वनितज्ज्ञांकडून फीत तपासून घेतली गेली. त्यांचं म्हणणं, ते शब्द इंग्रजी नाहीतच, हिब्रू आहेत: ‘तिक्रा लेमिशेहू, झे दाखूफ’. म्हणजे, कुणाला तरी फोन लाव, तातडीचं आहे. घाबरलेलं पोर मदत मागत होतं, आणि बातमीत ती शिवी झाली, असा हा दावा. बीबीसी आपल्या ऐकण्यावर ठाम राहिली. जानेवारी २०२२ मध्ये तिच्याच तक्रार विभागानं काही तक्रारी मान्य केल्या: या दाव्याबद्दल वाद आहे हे वेळेत सांगायला हवं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑफकॉम या नियामकानं प्रसारण संहिता मोडली नाही असा निर्वाळा दिला, पण वाद उभा राहिल्यावरही तो प्रसारणात एकदाही न सांगणं ही गंभीर संपादकीय चूक ठरवली.

मी ती फीत बऱ्याचदा ऐकली आहे. कान जे ठरवून ऐकायला बसतो ते त्याला ऐकू येतं, एवढंच मी सांगू शकतो. मला त्या शब्दांपेक्षा त्या वाक्याची गरज का पडली, हे महत्त्वाचं वाटतं. समजा मुलांनी शिवी दिली असती. थुंकणं, सलाम, बस बडवणं हे आधीच घडलं होतं. बसच्या आतून, काचेमागून निघालेल्या आवाजानं त्याचं कारण बदलत नाही. मग वाक्य आलं कुठून? ते आलं ‘समतोला’च्या सवयीतून. डेस्कवर कुठलीही एका बाजूची बातमी आली की हात आपोआप दुसरी बाजू शोधतो. निवडणुकीत ही सवय चांगली. थुंकणाऱ्यात आणि ज्याच्यावर थुंकलं त्याच्यात समतोल शोधायला गेलं की असं होतं. आपल्याकडे एखाद्या वस्तीवर हल्ला झाला की बातमीत हळूच येतं, ‘आधी तिकडून दगड आले होते म्हणे’. तो ‘म्हणे’ ओळखा. तोच हा.

म्हणजे तक्रार नेहमी खरीच असते का? नाही. उलट्या बाजूनंही हेच होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲम्स्टरडॅमला अयाक्स आणि मकाबी तेल अविव यांचा फुटबॉल सामना झाला. सामन्यानंतर मकाबीच्या चाहत्यांना स्कूटरवरून गाठून, ‘ज्यू आहेस का’ विचारून मारहाण झाली, ती ज्यूद्वेषी होती यात मला शंका नाही. पण आदल्या रात्री याच चाहत्यांपैकी काहींनी पॅलेस्टिनी झेंडा उतरवला होता, टॅक्सी फोडली होती, अरबांविरुद्ध घाणेरड्या घोषणा दिल्या होत्या. एका डच छायाचित्रकार बाईची फीत जगभर ‘इस्रायलींवर हल्ला’ म्हणून फिरली. तिला ओरडून सांगावं लागलं की त्यात मारणारे मकाबीचे चाहते आहेत. स्काय न्यूजनं आपला वृत्तांत काढून, बदलून पुन्हा टाकला. शहराच्या महापौरांनी पोग्रोमची, म्हणजे ज्यूंच्या जुन्या सामूहिक कत्तलींची, आठवण काढली आणि काही दिवसांनी तो शब्द वापरल्याचा पश्चात्ताप झाल्याचं सांगितलं, कारण राजकारण्यांनी तो मोरोक्कन वंशाच्या डच नागरिकांवर उगारायला घेतला होता.

तुम्ही विचाराल, मग इथं आदल्या रात्रीचं सांगणं आणि लंडनच्या बसमधली शिवी सांगणं यात फरक काय? फरक आहे. ॲम्स्टरडॅममध्ये आदल्या रात्रीचं कृत्य पोलिसांनी नोंदलेलं होतं आणि घटनाक्रमाचा भाग होतं. ते गाळलं तर बातमी खोटी होते. ते सांगून झाल्यावरही रस्त्यात पासपोर्ट विचारणाऱ्याचं कृत्य जिथल्या तिथं राहतं. संदर्भ द्यायचाच. गाझात हजारो माणसं मरत असताना जगभर ज्यूंवरचे हल्ले वाढतात, हा संबंध लपवणं मूर्खपणा आहे. पण तो संबंध मारणाऱ्याच्या डोक्यात असतो, मेलेल्याच्या खिशात नाही. वाक्य लिहिताना ‘हल्लेखोराच्या मते’, ‘त्यानं दिलेल्या कारणानुसार’ हे शब्द घातले की संदर्भ आपोआप योग्य घरात बसतो. ‘गाझातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर’ असं मोघम लिहिलं, की कर्ता नाहीसा होतो आणि युद्धच येऊन सुरा मारून गेलं असं वाटतं. मराठीतलं ‘पार्श्वभूमीवर’ हे फार आळशी शब्दरूप आहे. माझं चाललं असतं तर मी ते डेस्कवरून हद्दपार केलं असतं.

इस्रायलवरची टीका आणि ज्यूद्वेष यांतली रेघ विचारलीत. त्यावर व्याख्यांची भांडणं आहेत: २०१६ ची आयएचआरए या नरसंहाराची स्मृती जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची व्याख्या एका बाजूला, ती टीकेलाही द्वेष ठरवते या आक्षेपातून २०२१ मध्ये विद्वानांनी काढलेला जेरुसलेम जाहीरनामा दुसऱ्या बाजूला. दोन्ही वाचा. मला डेस्कवर त्यांपेक्षा एक घरगुती चाचणी उपयोगी पडली. वाक्यात ‘इस्रायल सरकार’ घालून ते टिकतं का? ‘इस्रायल सरकारनं वसाहती वाढवल्या’ टिकतं. ‘नेतान्याहू खोटं बोलतात’ हेही टिकतं, पुरावा असेल तर खुशाल लिहा. पण वाक्य पैसा, माध्यमं, बँका, पडद्यामागचे हात यांकडे वळलं, आणि तिथं सरकारऐवजी ‘ते लोक’ घातल्याशिवाय अर्थ लागेना, की थांबा.

त्या पडद्यामागच्या हातांचं मूळही वर्तमानपत्रातच आहे, हे आपल्या धंद्यात फारसं सांगत नाहीत. १९०३ च्या एप्रिलात रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात दंगल झाली, ४९ ज्यू मारले गेले. त्याआधी तिथलं ‘बेसाराबेत्स’ हे पत्र आठवडेच्या आठवडे लिहीत होतं की ज्यूंनी विधीसाठी एका ख्रिस्ती मुलाचा बळी घेतला. मुलाला नातेवाइकानंच मारलं होतं. त्या पत्राचा मालक क्रुशेव्हान. त्याच वर्षी त्यानं आपल्या दुसऱ्या पत्रात जगावर राज्य करायचा ज्यूंचा कथित गुप्त कट क्रमशः छापला, तोच पुढं ‘प्रोटोकॉल्स’ म्हणून पसरला. मे १९२० मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’नं त्याची गंभीरपणे दखल घेऊन चौकशीची मागणी केली. ऑगस्ट १९२१ मध्ये त्याच ‘टाइम्स’च्या इस्तंबूलमधल्या प्रतिनिधीनं, फिलिप ग्रेव्ह्जनं, परिच्छेदाला परिच्छेद लावून दाखवलं की हा मजकूर १८६४ च्या एका फ्रेंच उपहासलेखनावरून उचललेला आहे आणि त्यात ज्यूंचा संबंधच नव्हता. पंधरा महिन्यांत स्वतःच्या पत्राची चूक स्वतः उघडी पाडली, हे मोठंच. पण ती बनावट चीज १९८८ च्या हमासच्या सनदेतही हवाला म्हणून आहे. खुलासा मागे राहिला, मूळ बातमी पुढं गेली. नेहमीचंच.

मराठीत लिहिताना आणखी एक-दोन गोष्टी. ‘अँटिसेमिटिझम’ला ‘सेमिटिकविरोध’ लिहू नका. मग कुणीतरी हटकून सांगतो की अरबही सेमिटिकच, ते कसे द्वेष करतील. तो शब्द १८७९ मध्ये विल्हेल्म मार नावाच्या जर्मन पत्रकारानं लोकप्रिय केला, तो ज्यूंसाठीच, द्वेषाला शास्त्रीय वेष देण्यासाठी. ‘ज्यूद्वेष’ सरळ आहे. आणि आपण यात कोरे आहोत असंही समजू नका. आपल्याकडे ज्यूंविरुद्ध दंगली झाल्या नाहीत, ही अभिमानाचीच गोष्ट. पण हिटलरचं आत्मचरित्र पदपथावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मिळतं, आणि २००६ मध्ये खारघरला हिटलरच्या नावानं उपाहारगृह निघालं होतं. मुंबईतल्या ज्यूंनी विरोध केला, तेव्हा नाव बदललं. आपला ज्यूद्वेष बहुतेक अज्ञानाचा आहे. इस्रायलच्या सैन्याचं कौतुक करणाराच दुसऱ्या वाक्यात ‘पैसेवाले असतात ते’ म्हणतो, आणि शेजारचे पेणकर, रोहेकर, नवगावकर ज्यू असू शकतात याची ओळख त्याला नसते.

त्यांचीच एक आठवण. नरिमन हाऊसनंतर दोनेक दिवसांनी आमच्या पत्रानं आतल्या पानावर मुंबई-ठाण्यातल्या ज्यूंवर एक चौकट केली. मथळा: ‘मुंबईतील इस्रायली समाज हादरला’. सकाळी फोन आला. अलिबागच्या इस्राएल आळीतले एक निवृत्त शिक्षक. आवाज अगदी शांत. म्हणाले, ‘‘अहो, आम्ही बेने इस्राएल. शनवार तेली म्हणायचे आम्हाला, शनिवारी घाणा बंद म्हणून. इस्रायल देश १९४८ चा. आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून इथं तेल गाळतोय. तुम्ही एका रात्रीत आम्हाला परदेशी केलंत.’’ मी म्हटलं, गुरुजी, एका अक्षराची चूक आहे. ते म्हणाले, ‘‘अक्षराचीच असते.’’

दुसऱ्या दिवशी खुलासा छापला. दोन ओळी, पान सात, तळाला. मुद्रितशोधनात कुणीतरी त्यातलं ‘बेने इस्राएल’ सुधारून ‘बेने इस्रायल’ केलं होतं.